कार्बनला धरून

टक्.

तळघरातला हीटर सुरू झाला की आमच्या जमिनीतली पत्र्याची जाळी एकदाच अशी वाजते आणि मग गरम वारा वर येतो. दुपारची सगळी शांतता तेवढ्या आवाजाने मोडली. माझ्या लेकीने, तेस्साने, झोपेतच नाक चोळलं, कापडी ससा गळ्याशी ओढला आणि पुन्हा गाढ झाली. मी श्वास सोडला. आता ती उठेपर्यंतचा वेळ माझा. भांडी राहू देत तशीच.

मंगळवारी जे झालं ते विसरायच्या आत लिहून काढायचंय. खरं तर ते सोमवारीच सुरू झालं होतं, गिटारवाला वेंडल ती डबी घेऊन आला तेव्हा.

विनी आणि मी आमच्या खोलीत होतो. विनी म्हणजे डॉक्टर विनिफ्रेड कार्डिनल. मी तिची विद्यार्थिनी होते, पुढे तिच्याच शेजारच्या टेबलावर बसायला लागले. आमची खोली संशोधन संस्थेच्या टोकाला आहे, अगदी अरुंद. एक नळीची भट्टी, एक काचेचं कपाट आणि खिडकीतून दिसणारी गोठलेली नदी. त्या भट्टीत विनी कार्बन भाजते. बाहेर येतो तेव्हा तो इतका काळा आणि गुळगुळीत असतो की त्यात आपल्या पापण्या मोजाव्यात. या कार्बनवर ती रेणूंचा एक थर चढवते. आपल्या नखाच्या जाडीचे लाख भाग केले तर त्यातल्या एखाद्या भागाएवढा. वर पुन्हा कार्बनची पट्टी आडवी टाकायची. खालची पट्टी, मधे रेणू, वरची पट्टी. जिथे पट्ट्या एकमेकींना ओलांडतात त्या फुलीतून इलेक्ट्रॉन पलीकडे जातात, आणि कसं जायचं ते मधले रेणू ठरवतात.

वेंडल आला तोच टोपीवरचा बर्फ झटकत.

"विनी, तुझी पोरं मुकी झाली."

"माझी पोरं मुकी होत नसतात. तुझी गिटार तपास."

"गिटारला काय धाड भरलीय! सरळ जोडली की वाजते. या डबीतून गेली की गप्प. परवा व्हाइट अ‍ॅव्हेन्यूवरच्या बारमध्ये भर गाण्यात आवाज गेला. लोकांना वाटलं मी काहीतरी नवीन करून दाखवतोय. टाळ्या वाजवल्या!"

"तू थांबलास म्हणून वाजवल्या असतील."

वेंडल खो खो हसला. विनीही हसली, पण तिचा हात डबीवरून उठला नाही.

ती डबी म्हणजे गिटारवाल्याचं पायाने दाबायचं पेडल, आणि पोरं म्हणजे तिच्यातले विनीचे रेणू. गिटारचा आवाज तिच्यातून गेला की जाडसर, खरखरीत होतो. बाजारातल्या पेडलमध्ये जो सिलिकॉनचा तुकडा असतो तो लाटेचा माथा कापून टाकतो. विनीचे रेणू कापत नाहीत, लाट वर चढली की तिला हळूहळू वाकवतात. कापलेला आवाज टोचतो, वाकलेला घशातून आल्यासारखा वाटतो. वेंडलने हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो अर्धा तास नुसता एकच तार छेडत बसला होता म्हणे. मग विनीने ती डबी त्याला देऊनच टाकली. त्याला नऊ वर्षं झाली. इतक्या वर्षांत डबी त्याच्या व्हॅनमध्ये थंडीत गोठली, उन्हाळ्यात भाजली, तिच्यावर बिअर सांडली. "किती टिकतं हे?" असं जगातल्या कुठल्याही परिषदेत कुणी विचारलं की विनी म्हणायची, "एडमंटनला या. शुक्रवारी रात्री ऐकवते."

आणि या महिनाअखेर ती निवृत्त होतेय. तिच्यामागे ही भट्टी चालू ठेवायची की खोली दुसऱ्या कामाला द्यायची, हे येत्या शुक्रवारच्या बैठकीत ठरणार आहे. सोन्यावर रेणू बसवणाऱ्या मंडळींना जागा हवीच आहे. त्यांचं काम सोपं, झटपट, चकचकीत.

वेंडल गेल्यावर विनीने डबी काचेच्या कपाटात ठेवली. मग म्हणाली, "थर सुटला असेल तर शुक्रवारी मीच उभी राहून सांगेन. उद्या तू मोज, झेनिया."

आमच्याकडे ही पद्धतच आहे. ज्याने बनवलं त्याने मोजायचं नाही. मनात आशा असली की मोजायची सुई हलकी टेकते, भीती असली की जोरात, आणि दोन्ही वेळा आकडा खोटा येतो. ही पद्धत विनीनेच घालून दिलीय. तिच्या हाताखाली शिकलेला प्रत्येक जण ती पाळतो.

मंगळवारी उणे अडतीस. इंजिन गोठू नये म्हणून गाडीला रात्रभर विजेची वायर लावली होती तरी ती कण्हतच सुरू झाली. बालवाडीतले नळ फुटले होते, म्हणून शाळा बंद. माझा नवरा ट्रेंट उत्तरेला तेलाच्या कॅम्पवर कामाला, परत यायला अजून आठवडा. फोनवर म्हणाला, "म्हणून तर सांगतो, वसंतात इकडेच या दोघी. फोर्ट मॅकमरीत घरं मिळतायत. तिघं एका छपराखाली राहू." तो चुकीचं काही म्हणत नाही. मी "बघू" म्हटलं, तेस्साला तीन थर कपडे घातले आणि तिला घेऊनच कामावर गेले.

लहान मुलांना आतल्या खोलीत येऊ देत नाहीत. विनीने तिला जेवणाच्या खोलीत नेलं. तसंही मी मोजत असताना विनीला बाहेरच थांबायचं होतं. तिने घरून बॅनक, म्हणजे जाडसर घरगुती पाव, आणला होता, सासकाटून बेरीचा मुरंबा लावून. तेस्सा तिला कोकुम म्हणते. विनीच्या घरी, लॅक ला बिशला, आजीला तसंच म्हणतात, आणि तेस्साने हा हक्क न विचारता घेतलाय.

मी डबी उघडली. आत टिकलीएवढ्या काचेवर विनीची फुल्यांची रांग. आठ फुल्या, त्यातली एक तारेने जोडलेली. नऊ वर्षांचं सगळं संगीत त्या एकीतून गेलेलं. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावतात: सुई फुलीवर टेकायची नाही. फुलीपासून लांब, पट्टीच्या शेपटीवर टेकायची. फुलीवर टेकली की सुई थरातून आरपार जाते आणि वरची पट्टी खालचीला भिडते. मी शेपट्यांवर सुया टेकल्या आणि पडद्याकडे पाहिलं.

सरळ रेघ.

जिवंत थराची रेघ आधी आडवी पडून असते, मग उठते, मग एकदम चढते, पोर सकाळी उठतं तशी. सरळ रेघ म्हणजे मधे कुणी नाही. वरचं खालच्याला भिडलंय.

मी बाहेर आले. दारातच त्या दोघींचं बोलणं कानावर पडलं.

"हा काय?" विनीने तेस्साचा लोकरी हातमोजा ओढून काढला.

"माझा मिटन!"

"सुटला की नाही? सोन्यावर रेणू असे बसतात. मिटनसारखे. छान ऊबदार बसतात, पण कुणी ओढलं की आले हातात. आणि हे काय?" तिने तेस्साचं करंगळीचं नख चिमटीत धरलं.

"नख. ओढू नको!"

"ओढलं तर येईल?"

"नाही! दुखेल!"

"हां. माझे रेणू कार्बनवर असे असतात. तोही कार्बन, तेही कार्बनचेच. एकदा धरलं की तो मोजा राहत नाही, अंगच होतं."

"ते धरतात कसे?"

"त्यांच्या एका हातात फुगा असतो. मी विजेने हळूच टोचते. फुगा उडून जातो. हात मोकळा पडला की घाबरून जवळ जो असेल त्याला घट्ट धरतात. मी सांगते, धरून राहा बरं. मग त्यांना पाण्यात घालून असं घुसळते, असं घुसळते, की जो धरायचं नाटक करत असेल तो पडलाच पाहिजे."

तेस्सा खिदळली. तो फुगा म्हणजे नायट्रोजन. मी हे सगळं वर्गात शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं, पण फुगा मला कुणी सांगितला नव्हता. आणि विनीची खरी कमाल फुगा फोडण्यात नाही, थांबण्यात आहे. वीज एक क्षण जास्त दिली की मागून आलेले रेणू पुढच्यांच्या खांद्यावर चढतात आणि ढीग होतो. कमी दिली तर मधे भोकं राहतात. ती पडद्यावरच्या रेघेकडे बघत बसते आणि एका क्षणी बटण बंद करते. "आत्ताच का?" असं मी कितीदा विचारलंय. ती नेहमी समजावून सांगते, रेघेचं पोट कसं आत गेलं ते बोटाने दाखवते. मला समजतं. आणि माझ्या हातून तरी चारातले दोन बिघडतात.

तिने मान वर केली. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार.

"सरळ?"

"सरळ."

तिने आधी तेस्साच्या हनुवटीवरचा मुरंबा पुसला. मग रुमालाची घडी घातली. घडी पुन्हा उलगडली.

"बाकीच्या सात?"

"अजून नाही मोजल्या."

"मोज."

मी मोजल्या. सातही जिवंत. विनीने पहिल्या दिवशी काढून ठेवलेल्या रेघांवर त्या अशा बसल्या की वेगळ्या दिसेनात. मी धावतच बाहेर आले. "विनी, सातही! एकसुद्धा हललेली नाही!"

"त्या झोपून होत्या गं," ती शांतपणे म्हणाली. "त्यांच्यातून एक सूर गेला नाही. न वापरलेला बूट झिजला नाही, याचं काय कौतुक?"

मला तिचा राग आला. इतकं कडक कशाला व्हायचं? पण ती तशीच आहे. दुसऱ्याच्या कामातलं भोक ती मायेने दाखवते, स्वतःच्या कामातलं बोट घालून मोठं करते.

मी परत आत गेले आणि नुसत्या चिडीने ती मेलेली फुली सूक्ष्मदर्शकाखाली धरली. आणि थांबले. फुलीच्या बरोबर डोक्यावर राखाडी रंगाचा एक थेंब बसला होता. त्याची एक जीभ कडेवरून ओघळून खालच्या पट्टीला चाटत होती. मी फोनवर फोटो काढला आणि विनीला नेऊन दाखवला. तिने चष्मा कपाळावर चढवून पाहिलं.

"चांदी," ती म्हणाली. तार चिकटवायला चांदीचा रंग लावतात, तो. "पण मी तर शेपटीला लावते. इथे कुणी लावला?"

तिने वेंडलला फोन लावून टेबलावर ठेवला.

"वेंडल, खरं सांग. माझी डबी कुणी उघडली होती?"

पलीकडे वेंडल खाकरला. मग, "दोन हिवाळ्यांपूर्वी ग्रँड प्रेरीला डबीतली तार सुटली होती. कार्यक्रमाला तास उरला होता. ढोलवाल्याच्या मेव्हण्याकडे चांदीचा रंग होता. मी एकच थेंब टाकला. अगदी नाजूक हाताने, देवाशपथ."

"कुठे टाकलास?"

"मधोमध."

"मधोमध का रे बाबा?"

"म्हणजे? पेरोगीत सारण मधोमधच भरतात ना! मला वाटलं तिथे पकड चांगली बसेल."

विनीने कपाळावर हात मारला. "वेंडल, तू पेरोग्या कर. तार सुटली की मला फोन कर."

"म्हणजे मी मारलं का त्यांना?" त्याचा आवाज खरंच बारीक झाला होता.

"ते अजून माहीत नाही," विनी म्हणाली आणि फोन ठेवला.

मला तर माहीत होतं. आता सगळं उघड होतं. दोन हिवाळे चांदी रांगत रांगत कडेवरून खाली उतरली आणि तिने दोन्ही पट्ट्या जोडून टाकल्या. रेणूंचा दोषच नव्हता. "शुक्रवारी हा फोटो दाखव, सात रेघा दाखव," मी म्हटलं. "पुरे आहे. कुणी चकार शब्द काढणार नाही."

"त्यांना पुरेल," विनी म्हणाली. "मला नाही. चांदीखाली माझे अजून आहेत का, ते मला कळलं पाहिजे."

"पण चांदी काढायची म्हणजे..."

"अ‍ॅसिटोनमध्ये घालून हादरवायचं."

"थर जराही सैल झाला असेल तर तोही जाईल. मग दाखवायला काहीच उरणार नाही, विनी. आत्ता निदान शंकेचा फायदा तरी आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. तेस्सा बुटाच्या बंदाशी झटापट करत असते तेव्हा मी तिच्याकडे बघते, तसं.

"पोरी, त्या फायद्यावर मी म्हातारपण काढू?"

तेस्साने मधेच विचारलं, "अ‍ॅसिटोन काय असतं?"

"तुझी आई नखांचा रंग काढते ना? ते."

"रंग जातो. नख राहतं," तेस्सा म्हणाली, जणू यात बोलण्यासारखं काही नव्हतंच.

"बघू," विनी म्हणाली.

मी काचेचा तुकडा छोट्या भांड्यात ठेवला, वर अ‍ॅसिटोन ओतलं आणि भांडं हादरवायच्या यंत्रात ठेवून बटण दाबलं. गांधीलमाशी डबीत कोंडावी तसा आवाज सुरू झाला. काचेच्या भिंतीपलीकडे विनी उभी होती, तेस्साला कडेवर घेऊन, चौसष्टाव्या वर्षी, इतक्या जाड कपड्यांच्या पोरीला. तेस्साने हाताचा पंजा काचेवर टेकवला होता. भांड्यात राखाडी धूर सुटल्यासारखा झाला. चांदी निघत होती. सोबत आणखी काय निघत होतं ते कुणाला दिसणार?

मग तुकडा धुतला, वाळवला, सुयांखाली ठेवला. सुया शेपट्यांवर टेकल्या. माझा हात हलका पडत होता. मी तो उचलला, मांडीवर ठेवला, थोडी थांबले आणि पुन्हा टेकवल्या.

रेघ आडवी पडली. पडूनच राहिली. मग तिने कूस बदलली, उठली आणि चढत गेली.

मी जुनी रेघ पडद्यावर आणली, नऊ वर्षांपूर्वीची. मी तेव्हा कॉलेजात होते, ट्रेंट मला माहीतही नव्हता. दोन रेघा एकमेकींवर सरकल्या आणि पडद्यावर एकच उरली. गावोगावच्या बारमधले ते सगळे शुक्रवार, किंचाळणाऱ्या तारा, बर्फात रुतलेली व्हॅन, वर चांदीचं ओझं, आणि आता हा हादरा. एकानेही हात सोडला नव्हता.

मी वळले. विनी माझ्याकडे बघतच नव्हती. ती जमिनीकडे बघत होती. आमचा नियम तिने डोळ्यांनीही मोडला नव्हता. मी काचेवर टकटक केली आणि मान हलवली. तिने तेस्साला हळूच खाली ठेवलं, चष्मा काढला आणि स्वेटरच्या टोकाने पुसत राहिली. खूप वेळ. तो चष्मा स्वच्छच होता.

दुपारी वेंडल गिटार घेऊन आला. येताना अपराध्यासारखा उकडलेल्या करंज्यांसारख्या पेरोग्यांचा मोठा डबा आणला होता, सोबत आंबट साय. तार मी जोडली, शेपटीला. त्याने जेवणाच्या खोलीतच एक सूर छेडला, एकच, आणि तो सोडून दिला. सूर उठला, जाड झाला, वाकला आणि खोलीभर रेंगाळला. तेस्साने कानांवर हात ठेवले आणि तोंड उघडं ठेवून ऐकत राहिली. सोन्यावाल्या मंडळींपैकी दोघं दारात येऊन उभी राहिली. मग त्यांच्यातलाच एक म्हणाला, "आणखी एकदा वाजव ना."

भांडी आवरताना विनी म्हणाली, "शुक्रवारी तू बोल."

"मी का? काम तुझं आहे."

"म्हणूनच. मोजलं तू." तिने पेरोग्यांचा उरलेला डबा माझ्या पिशवीत सरकवला. "भट्टी ठेवतील, असं वाटतंय. पण ते पहिला प्रश्न विचारतील की चालवणार कोण. त्याचं उत्तर मी देणार नाही. ट्रेंटही माझाच लाडका आहे, आणि ही तेस्सा तर आहेच."

बस्स, एवढंच बोलली. घरी येताना वाटेत सगळ्या चिमण्यांतून धूर सरळ वर जात होता.

आज गुरुवार. बालवाडी अजून बंद. टेबलावर उद्याच्या बैठकीसाठी काढलेली रेघ आहे आणि तिच्याशेजारी फोनवर ट्रेंटने पाठवलेले घराचे फोटो. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे. चांगलं घर आहे.

तेस्सा उठली वाटतं. हो, उठली. सशाला कान धरून ओढत आली आणि माझ्या मांडीवर चढली. केस घामाने चिकटलेत. तिने माझी करंगळी धरली, नख ओढून पाहिलं, येत नाही याची खात्री केली. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मला वाटलं, पुन्हा झोपतेय.

"आई, कोकुम घरी गेली ना, की मग त्यांना कोण सांगणार, धरून राहा म्हणून?"